देवरगुड्डच्या वाटेवर: अण्णांची गाडी डावीकडे का जाते?

बेंगळुरूहून देवरगुड्डला जायचं ठरलं ते देवासाठी कमी आणि चाकांसाठी जास्त. मालतेशाने हे वाचलं तर तो समजून घेईल. आपला खंडोबा कर्नाटकात आला की मालतेश होतो, आणि आमच्यासारख्या इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरांना तो दोन्ही नावांनी ओळखतो.

झालं असं. माझे थोरले भाऊ, अण्णा, हेब्बाळला राहतात. आयुष्यभर त्यांनी बेंगळुरू-हुब्बळी मार्गावर सरकारी बस चालवली. निवृत्त झाल्यावर एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि ती लेकरासारखी ठेवली. एका संध्याकाळी वहिनी एकट्याच बनशंकरीला आमच्याकडे आल्या. चकलीचा डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भावजी, गाडी डावीकडे ओढते म्हणतात हे. डावा आरसा दोनदा फुटला. एकदा आपल्याच गेटला, एकदा उभ्या ऑटोला. चाकांची सगळी अलाइनमेंट करायला पायजे म्हणतात."

"मग करून टाकू की."

"तसं नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "रोज सकाळी नातीला शाळेत सोडतात. ती मागे डाव्या बाजूला बसते. तुम्ही बघा. दोष गाडीत असंल तर दुरुस्त करा. नसंल तर तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकायचे नाहीत, आणि मुलगा बोलला तर मनाला लावून घेतील."

वाचकांनी इथेच लक्षात घ्यावं की हा ब्लॉग अलाइनमेंटबद्दल असला तरी प्रश्न अलाइनमेंटचा नव्हता. गाडीत दोष सापडला तर अण्णांच्या हातात किल्ली राहणार होती. नाही सापडला तर ती मला काढून घ्यावी लागणार होती.

माझ्याकडेच का, ते सांगतो. मी इंजिनियर नाही. शाळा लवकर सुटली, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कानशीने लोखंड घासत घासत जिग आणि फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर भाग अचूक धरून ठेवणारे साचे, बनवायला शिकलो. मराठीही अशीच शिकलो, शाळा कन्नड होती. पण माझ्या फिक्स्चरवर बसलेल्या भागाला पीण्यात कुणी दुसऱ्यांदा गेज लावत नाही. हे मी अभिमानाने लिहितो आहे, नम्रपणाची अपेक्षा असणाऱ्यांनी दुसरा ब्लॉग पाहावा.

निघण्याआधी दोन दिवस गाडी माझ्याकडे आणून घेतली. पार्किंगची फरशी सपाट आहे हे मला माहीत आहे, कारण ती मी स्वतः उभं राहून घालून घेतली आहे. चारही चाकांत हवा सारखी केली. (ज्यांची गाडी ओढते त्यांनी आधी हवा बघावी, मग मला कमेंट करावी.) गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर समांतर दोरे ताणले आणि प्रत्येक रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते स्टीलच्या पट्टीने मोजलं. पुढची चाकं ठीक. मागची त्याहून ठीक. टायरच्या नक्षीवरून तळवा आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवला. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर एका दिशेला हात गुळगुळीत जातो आणि परतताना खरवडतो. इथे दोन्हीकडे सारखाच.

अण्णांना सांगितलं, तर ते हसले. "तम्मा, उभ्या गाडीला दोरा लावून काय कळतं? चाकांच्या जोडातले बुश झिजलेले असले तर ते भार पडल्यावर बोलतात. माझ्या लायनीवर चालवून बघ, मग सांग." धाकट्या भावाला कन्नडात तम्मा म्हणतात. मला पन्नाशी उलटल्यावरही तेच नाव आहे.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मान्य करायला मला दुसरा दिवस लागला. वहिनींचा मालतेशाचा नवसही राहिला होता. त्यांची लाइन आणि देवाची वाट एकच. निघालो.

पहिला दिवस

हेब्बाळहून उजाडायच्या आत निघा. रिंग रोडने गोरगुंटेपाळ्यापर्यंत रिकामा रस्ता मिळतो, आणि पीण्याचा उड्डाणपूल लॉऱ्या जाग्या व्हायच्या आत ओलांडता येतो. आम्ही थोडा उशीर केला, कारण अण्णांनी निघताना लोखंडी पाना घेऊन चारही टायर ठोकून आवाज ऐकले. डेपोची सवय. मी हवा गेजने मोजलेली होती. ते म्हणाले, "गेज तुझा, कान माझा."

स्टिअरिंगवर मी, शेजारी अण्णा, मागे वहिनी आणि नारळांची पिशवी. नेलमंगलाच्या टोलनंतर रस्ता सुटा झाला. मी बोटांची पकड सैल केली. गाडी डावीकडे सरकली. अगदी हळू, पण सरकली.

"बघ!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "बघ की! मी काय सांगत होतो?"

"थांबा अण्णा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार देतात. एवढं तर प्रत्येक गाडी सरकते."

"माझी बस नव्हती सरकत."

"तुमच्या बसला तुम्ही धरून बसलेले असायचे," मागून वहिनी.

तुमकुरूच्या अलीकडे क्यातसंद्रला तट्टे इडली खायला थांबणं हा नियम आहे. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा. एका माणसाला दोन पुष्कळ होतात, अण्णांना तीन लागतात. ते खात होते तोवर मी गाडीभोवती फिरलो आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात धरला. एखादा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक इतरांपेक्षा तापतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. चारही सारखीच कोमट. परत आलो तर वहिनींनी डोळ्यांनीच विचारलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, अजून काही नाही.

शिरा गाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, भुईमूग, पवनचक्क्या. रस्ता इतका सरळ की हात आपोआप मांडीवर येतात. इथे मी खरी तपासणी केली. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचा मधला दांडा आडवा राहतो का? राहत होता. तो तिरका असता, तर चारही चाकांची अलाइनमेंट करा असं मी तिथेच म्हटलं असतं. पण सरकणं उतारापेक्षा किंचित जास्त आहे असं मला वाटत राहिलं. माझ्या हाताला किंचितही कळतं.

हिरियूरला एका टायरच्या दुकानापाशी थांबलो. दुकानदार, लुंगी आणि चेक्सचा शर्ट, वर्तमानपत्र वाचत होता. मी म्हणालो, पुढची दोन टायरं एकमेकांच्या जागी लाव.

"पंक्चर कुठलं?"

"पंक्चर नाही."

"अलाइनमेंट करू? मशीन आहे."

"नको. फक्त डावं उजवीकडे, उजवं डावीकडे."

त्याने अण्णांकडे पाहिलं. "यजमान्रे, ह्यांना काय झालंय?"

"माझा भाऊ आहे," अण्णा म्हणाले. "लहानपणापासून असाच आहे. लाव बा."

यामागचं कारण लिहून ठेवतो, उपयोगी पडेल. एखाद्या टायरच्या आतली बांधणी किंचित एका बाजूला कललेली असते. बाहेरून दिसत नाही, पण ते गाडीला ओढतं. टायरं बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरचा. अलाइनमेंटच्या मशीनवर चढवून उपयोग नाही. मोजणी बरोबर येते आणि गाडी ओढतच राहते.

पुन्हा रस्त्यावर आलो. पकड सैल केली. गाडी गेली ती सरळ. उतार असूनही.

मी जोरात हसलो असेन, कारण वहिनी दचकल्या. "सापडलं?"

"सापडलं! टायर होतं. डावं टायर ओढत होतं."

"म्हणजे गाडीच होती," वहिनी म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "गाडीच होती," आणि मागे टेकून डोळे मिटले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतक्या महिन्यांनी तो सैल पडला होता.

खिडकीची काच खाली करून अण्णांनी कोपर बाहेर ठेवलं. बसच्या ड्रायव्हरसारखं.

चित्रदुर्गचा किल्ला रस्त्यावरून दिसतो, पण या वेळी चढलो नाही. दावणगेरेला बेण्णे डोसे. लोणी, खोबऱ्याची पांढरी चटणी, बटाट्याचं पल्य, म्हणजे भाजी. हॉटेल मोठं शोधू नका, जिथे बाहेर लोक उभे आहेत तिथे उभे राहा. अण्णांनी डोसा संपवला, हात धुतले, आणि माझ्यापुढे तळवा पसरला. "किल्ली."

मी दिली. आनंदाने दिली.

हरिहरपर्यंत मी त्यांचं चालवणं बघत होतो. गिअर असा बदलायचे की कळायचंच नाही. समोरच्या ट्रकच्या चाकांवरून त्याचा ड्रायव्हर काय करणार ते आधी सांगायचे. "हा आता उजवीकडे येणार. दिवा नाही देणार." आणि तो यायचा. मी मनात म्हणालो, या माणसाच्या हातातून किल्ली काढायला निघालो होतो मी.

तुंगभद्रेचा पूल ओलांडला आणि डावी चाकं कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली. पट्ट्यावर उंचवटे असतात, ते घर्र वाजले. अण्णांनी गाडी आत घेतली.

थोड्या वेळाने पुन्हा घर्र.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा अण्णा म्हणाले, "टायर बदललं तरी ओढते बघ. मागच्या एक्सलमध्ये काहीतरी आहे. फुल अलाइनमेंट करायलाच पायजे."

"शक्य आहे," मी म्हणालो. आणि ते खरंच शक्य होतं. मागची चाकं किंचित तिरकी चालत असतील तर पुढे बसलेल्याला कळत नाही. माझे दोरे उभ्या गाडीला लावलेले होते. पण माझ्या हातात गाडी सरळ गेली होती, आणि ते मी विसरू शकत नव्हतो. आरशात वहिनींनी डोळे उघडले होते.

रात्री राणेबेन्नूरच्या लॉजमध्ये राहिलो. खोल्या साध्या, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळीच मिळतं. बस स्टँडजवळ ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई मिळाली, म्हणजे आपली भरली वांगी, फक्त जास्त तिखट. अण्णा लवकर झोपले.

दुसरा दिवस

देवरगुड्ड राणेबेन्नूरहून जवळ आहे. सकाळी गेलात तर डोंगरावरचं देऊळ शांत मिळतं. रविवार टाळा. अस्वलाच्या केसांची टोपी घातलेले गोरवय्या, म्हणजे आपले वाघ्ये, डमरू वाजवत येतात, कपाळाला भंडारा लावतात, "एळुकोटी, एळुकोटी" म्हणतात. आपण "येळकोट येळकोट" म्हटलं तर त्यांना ते परकं वाटत नाही. वहिनींनी नवस फेडला. अण्णांनी देवापुढे बराच वेळ डोकं टेकवलं.

खाली उतरल्यावर गाडीची पूजा. पुजाऱ्याने चाकांवर तांब्याने पाणी मारलं, बॉनेटवर फुलं ठेवली, आणि मूठभर भंडारा उधळला. वहिनींना तो कमी वाटला म्हणून त्यांनी पिशवीतला आणखी उधळला. आमच्या आधी दोन ट्रॅक्टर पूजून गेले होते, त्यामुळे तिथली जमीन आधीच पिवळीधमक होती. पुढे काँक्रीटचा नवा रस्ता, सपाट, सरळ, कमानीपर्यंत. दुकानं अजून उघडली नव्हती.

पुजारी म्हणाला, "स्वल्प मुंदे होगी, सर." थोडं पुढे घ्या. पूजा झाल्यावर गाडी थोडी पुढे न्यायची असते.

अण्णा बसले. मी आणि वहिनी मागे उभे. गाडी निघाली, हळूहळू कमानीकडे गेली आणि थांबली.

ओली चाकं भंडाऱ्यातून गेली होती. काँक्रीटवर पिवळे पट्टे उमटले होते.

मी खाली बसून पाहिलं. माझ्या धंद्यात इतकी स्वच्छ खूण मी कमी पाहिली आहे. मागची चाकं पुढच्या चाकांच्या पट्ट्यावरून तंतोतंत गेली होती, दोन्ही बाजूंना. एक्सल तिरका असता तर चारही पट्टे वेगळे दिसले असते. गाडी सरळ होती. याहून चांगलं मशीन मला दाखवा.

पण पट्टे सरळ नव्हते. पूजेच्या जागेपासून ते डावीकडे वळत गेले होते, हळूहळू, गटाराच्या कडेपर्यंत.

अण्णा गाडीतून उतरून परत आले. पट्ट्यांच्या बाजूबाजूने, खाली बघत.

"ह्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या खुणा एकच आहेत ना रे?"

"एकच आहेत."

"अहो, रस्ता तिरका असंल," वहिनी म्हणाल्या.

"रस्ता सपाट आहे गं." ते वळून पट्ट्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे किल्ली टाकली. "तम्मा, तेवढंच तू चालव बघू."

मी गाडी मागे आणली. पुजाऱ्याने काही न विचारता चाकांवर पुन्हा पाणी मारलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवले.

आता जे लिहितो ते वहिनींनाही माहीत नाही. त्या क्षणी सगळं माझ्या मनगटांत होतं. डावीकडे अगदी थोडं, कुणाला दिसणार नाही इतकं वळवलं असतं, तर माझेही पट्टे गटाराकडे गेले असते. अण्णा म्हणाले असते, बघ, गाडीच आहे. बेंगळुरूला जाऊन फुल अलाइनमेंट केली असती. आरशात अण्णा हात मागे बांधून उभे दिसत होते. बसची पाळी संपल्यावर डेपोत उभे असायचे तसे. त्यांच्या हातातून काय जाणार आहे ते मला माहीत होतं. मला सायकल त्यांनी शिकवली, पीण्यातल्या पहिल्या नोकरीला त्यांनी नेऊन सोडलं.

आणि मागच्या सीटवर डाव्या बाजूला वाळलेल्या बिस्किटाचा चुरा होता. नातीचा.

मी सरळ चालवली. आयुष्यात कुठलाही भाग मी इतका सरळ घासला नसेल.

उतरलो तर अण्णा माझे पट्टे बघत होते. सूत मारल्यासारखे दोन पट्टे कमानीपर्यंत गेले होते.

"हं," ते म्हणाले. "अलाइनमेंट नको."

"नको."

"सरी मग." त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोटांना लागलेला भंडारा पुसला. "मला वाटतच होतं रे. डावीकडे काहीतरी कमी दिसतंय. पण गाडी असंल, असं म्हणत होतो." मग वहिनींकडे बघून म्हणाले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मला काही माहीत नव्हतं," वहिनी म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

"अय्यो, रडू नको. देवाच्या दारात आहोत. चल, मिरची भजी खाऊ." त्यांनी वहिनींचा हात धरला, गाडीपर्यंत नेलं, मागचं दार उघडून बसवलं. मग पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसले आणि ती सीट मागे सरकवून घेतली.

परतीचा रस्ता तोच. फरक एवढाच की चित्रदुर्ग ओलांडेपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. मग एकदम म्हणाले, "पुढच्या पुलानंतर हंप आहे, हळू घे. बोर्ड नाही." बोर्ड खरंच नव्हता, हंप होता. तिथून नेलमंगलापर्यंत ते बोलत राहिले. कुठल्या ढाब्याचा चहा वाईट, कुठे रात्री गुरं रस्त्यावर बसतात, कुठे एकदा एका प्रवासी बाईंनी बसमध्येच मुलीला जन्म दिला आणि त्यांनी दिवे लावून रस्ता अडवून ठेवला. तीन मुख्यमंत्र्यांना ओव्हरटेक केलंय म्हणाले. मी ऐकत गेलो.

घरी

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका यंत्रात तोंड घालून बसवलं. आत ठिकठिकाणी दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. डावीकडच्या बऱ्याच दिव्यांना अण्णांनी बटण दाबलं नाही. काचबिंदू. डॉक्टर म्हणाल्या, गेली ती नजर परत येणार नाही, पण राहिलेली सांभाळता येईल. आणखी उशीर झाला असता तर तेवढीही राहिली नसती. थेंब रोज, न चुकता. गाडी नको.

प्रवासाला निघणाऱ्यांनी विचारलं तर उत्तर असं: जाऊन-येऊन दोन दिवस पुरतात, रस्ता उत्तम आहे, टोल भरपूर आहेत. गाडीला लागलं ते फक्त पुढच्या टायरांच्या अदलाबदलीचं काम. फुल अलाइनमेंट आजपर्यंत केलेली नाही, गरज नाही.

मला वाटलं होतं अण्णा गाडी विकतील. तसं झालं नाही. गेल्या रविवारी मी हेब्बाळला गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, तळ्याकडच्या मैदानात आहेत. तिथे पांढरी गाडी झटके देत गोल फिरत होती. स्टिअरिंगवर वहिनी, कमरेला पदर खोचलेला. शेजारी अण्णा.

मी खिडकीशी गेलो तेव्हा अण्णा ओरडत होते, "ब्रेक! ब्रेक दाब, ब्रेक!"

"ओरडू नका हो," वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुमच्या शेजारी बसून दाबतेच आहे. खरा आज सापडला."

अण्णा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग वहिनींनी गिअर टाकला आणि विचारलं, "डावीकडून घेऊ?"

अण्णांनी नुसते डोळे नाही फिरवले. अख्खी मान, खांदे, कमरेपासून स्वतःला डावीकडे वळवलं, खिडकीच्या काचेला नाक लागेपर्यंत. नीट पाहिलं. वेळ घेऊन पाहिलं.

"घे," ते म्हणाले. "मोकळं आहे."